जुनं तरंगतं घर स्वस्तात पडतं का? आधी पाण्याखालचं बजेट काढा!



या आठवड्याचा व्हिडिओ 12 मिनिटांचा होता, त्यामुळे हिशोबाचा भाग घाईत उरकावा लागला. तो इथे नीट लिहिते. चहा घ्या, वही-पेन घ्या आणि वाचा.

विषय तुम्हीच दिलेला आहे. परदेशातले ते व्हिडिओ तुम्ही पाहता ना? एक जोडपं पाण्यावरचं जुनं, मोडकळीला आलेलं बोटहाऊस थोडक्या पैशांत विकत घेतं. मग 20 मिनिटांत पांढरा रंग, लाकडी फ्लोअरिंग, पिवळे दिवे, खिडकीत कुंड्या. शेवटी दोघं कॉफी घेऊन बाहेर बसतात. मग मला विचारलं जातं, "ताई, आपल्याकडे खाडीत नाहीतर धरणाच्या पाण्यात असं काही करता येईल का? राहायला घर आणि पुढे होमस्टे. 8-10 लाखांत बसेल का?"

माझं मत आधीच स्पष्ट सांगते. करता येईल की नाही हे तुमच्या आतल्या सजावटीवर ठरत नाही, पाण्याखाली काय आहे त्यावर ठरतं. पाण्याखालचा खर्च न काढता जो रंगाचा डबा उघडतो, तो घर बांधत नाहीये, साठवलेले पैसे पाण्यात सोडतोय. माझं हार्डवेअर आणि पेंटचं दुकान आहे, म्हणजे रंग विकला गेला तर फायदा माझाच. तरी हे सांगतेय.

बोटहाऊस आणि हाऊसबोट: आधी फरक समजून घ्या

हाऊसबोट म्हणजे बोटीचं केलेलं घर. बोटहाऊस म्हणजे बोट ठेवायची शेड, सोप्या भाषेत बोटीचं गॅरेज. दिसायला दोन्ही पाण्यावरची घरंच, पण हिशोब अगदी वेगळा.

केरळचं केट्टुवल्लम घ्या. अंजिलीच्या फळ्या काथ्याच्या दोरीने बांधून, एकही खिळा न मारता केलेली ही होडी. भात वाहून न्यायला बनवलेली, त्यामुळे टनांनी वजन पेलण्याची ताकद तिच्यात मुळातच होती. रस्ते आणि ट्रक आले, तिचं काम गेलं. 1990 च्या दशकात लोकांनी तिच्यावर खोल्या चढवल्या आणि पर्यटनाचा धंदा उभा राहिला. ॲमस्टरडॅमलाही तसंच झालं. दुसऱ्या महायुद्धानंतर घरांची टंचाई होती आणि जुनी मालवाहू जहाजं कामातून जात होती, म्हणून लोक त्यात राहायला लागले. तिथे प्रिन्सेनग्राख्ट कालव्यावर 'हेन्द्रिका मारिया' नावाचं हाऊसबोट म्युझियम आहे. ते 1914 मध्ये बांधलेलं मालवाहू जहाज आहे. माल वाहणाऱ्या जहाजाला संसाराचं वजन ते काय वाटणार?

बोटहाऊस उलट. अमेरिकेत मिनेसोटा राज्यात विनोना नावाचं गाव आहे. तिथे मिसिसिपी नदीतल्या लॅच बेटाला लागून अशी तरंगती बोटहाऊसेस आहेत आणि काहींमध्ये लोक कायमचे राहतात. मुळात ही जात म्हणजे हलक्या भिंती, वर पत्रा आणि मधोमध बोट आत यायला मोकळं पाणी. म्हणजे तिथे जमीनच नसते! अशा शेडचं घर करायचं तर आधी मधला भाग भरायला हवा, तळ वाढवायला हवा, आणि नंतर त्यावर पलंग, फ्रीज, गॅस, माणसं.

म्हणून 'जुनं आहे, स्वस्त आहे' हे ऐकल्यावर पहिला प्रश्न किमतीचा नको. "हे कशासाठी बनवलं होतं?" असा हवा.

पैशाचं एक बजेट, किलोचं दुसरं

जमिनीवर घर बांधताना आपण फक्त रुपये मोजतो. पाण्यावर किलोही मोजावे लागतात. रुपये संपले तर उसने मिळतात, किलो उसने मिळत नाहीत.

एक उदाहरण घेऊ. आकडे समजण्यासाठी सोपे करून घेतलेत. 6 मीटर बाय 4 मीटरचं, म्हणजे 24 चौरस मीटरचं छोटं तरंगतं घर. खाली आडवे बांधलेले 200 लिटरचे 40 निळे प्लास्टिक ड्रम.

200 लिटरचा ड्रम पूर्ण बुडाला तर 200 किलो पाणी बाजूला सारतो, म्हणजे 200 किलो उचलतो. पण पूर्ण बुडेपर्यंत वजन टाकायचं नसतं. वाऱ्याची लाट, एका बाजूला जमलेली माणसं, पावसात ओलं होऊन जड झालेलं लाकूड, एखादा गळका ड्रम या सगळ्यांसाठी जागा सोडायची असते. म्हणून मी निम्मा ड्रम धरते, म्हणजे एकाचे 100 किलो.

40 ड्रम गुणिले 100 बरोबर 4000 किलो. त्यातून ड्रमचं स्वतःचं वजन आणि बांधणीचे पट्टे धरून 400 किलो वजा. राहिले 3600. सांगाडा, फळ्या, भिंती, पत्रा, दारं-खिडक्या मिळून 2200 किलो धरू. हातात उरले 1400 किलो. हेच तुमच्या संसाराचं बजेट.

आता खर्च बघा:

- 500 लिटरची पाण्याची टाकी भरली की 500 किलो गेले.
- घरातली चार माणसं आणि दोन पाहुणे, साधारण 400 किलो.
- पलंग, गाद्या, कपाट, फ्रीज, शेगडी, सिलिंडर, भांडी. काटकसर केली तरी 300 किलो सहज.

झाले 1200. उरले 200 किलो.

आणि आता घरातलं कुणीतरी म्हणतं, "खाली टाईल्स घालू ना, पुसायला बऱ्या!" टाईल एका चौरस मीटरला साधारण 20 किलो. खाली दीड इंचाचा सिमेंट-वाळूचा थर, तो साधारण 80 किलो. मिळून 100. गुणिले 24. 2400 किलो! टाईलवाल्याच्या बिलात हा आकडा कुठेच दिसत नाही. घर मात्र अकरा-बारा सेंटीमीटर खाली जातं आणि वादळासाठी ठेवलेली जागा टाईल्स खाऊन टाकतात.

त्याऐवजी व्हिनाईल शीट घातली तर चौरस मीटरला 2-3 किलो, सगळी मिळून 70 किलोच्या आसपास. काळ्या ग्रॅनाईटचा 8 फूट बाय 2 फुटांचा ओटा 70-75 किलोंचा. पातळ स्टीलच्या पत्र्याचा ओटा त्याच्या कितीतरी कमी. 18-19 मिलिमीटर जाडीचं 8 बाय 4 चं एक प्लाय 35 ते 40 किलोंचं. पार्टिशन घालताना प्रत्येक शीटला विचारा, "तू खरंच लागतोस का?"

गंमत बघा. पाण्यावर हलकी वस्तू बऱ्याचदा स्वस्तही असते. म्हणजे कमी पैशांत काम करणाऱ्याला इथे खरंच संधी आहे, फक्त त्याने दिखाव्याचा मोह सोडला पाहिजे.

विकत घेण्याआधीची फुकट टेस्ट

ही टेस्ट वहीत लिहून ठेवा. उथळ, शांत पाण्यात, सगळ्यांनी लाईफ जॅकेट घालून करायची.

1. घराच्या चारही कोपऱ्यांवर पाण्याच्या पातळीला खडूने खूण करा. चारही खुणा तळापासून सारख्या उंचीवर नसतील तर एका कोपऱ्याखालचा ड्रम किंवा ओंडका गेलेला आहे.
2. 60 किलोंच्या आसपासची 10 माणसं मधोमध उभी करा. म्हणजे 600 किलो. घर किती सेंटीमीटर खाली गेलं ते मोजा. 3 सेंटीमीटर गेलं तर तुमचं घर सेंटीमीटरला 200 किलो पेलतं. आता कुठलीही वस्तू आणण्याआधी तुम्हाला तिचा सेंटीमीटरमधला भाव माहीत आहे.
3. तीच माणसं हळूहळू, दोन-दोन करून एका बाजूला न्या. घर किती कलतंय ते बघा. फार कललं तर टेस्ट तिथेच थांबवा, आणि सौदाही.
4. लाकडी भाग पाण्याच्या रेषेजवळ स्क्रूड्रायव्हरने टोचून बघा. टोक लोण्यासारखं आत गेलं तर लाकूड कुजलंय. लोखंडी तळ असेल तर पत्र्याची जाडी मोजणारं अल्ट्रासाऊंडचं यंत्र असतं. ते वापरणाऱ्या माणसाची फी द्या. ही फी वाचवणं म्हणजे डॉक्टरचे पैसे वाचवून आजार विकत घेणं.

विकणारा म्हणाला, "एवढं काय बघताय, 20 वर्षं तरंगतंय की!" तर हसून सांगा, "म्हणूनच बघतोय!"

आणि एक गोष्ट. जुने ड्रम बदलायला अख्खं घर उचलावं लागतं असं नाही. पाणी भरलेला ड्रम खाली सरकवायचा, जागेवर बांधायचा आणि मग त्यात हवा भरून पाणी बाहेर काढायचं, अशी पद्धत आहे. उघडा थर्माकोल मात्र नको. तो तुटून तुकडे पाण्यात जातात आणि पेट्रोल लागलं की विरघळतो.

पाण्याला सातबारा नसतो

हा मुद्दा सगळ्यात कडू आहे.

ॲमस्टरडॅम असो की अमेरिकेतलं सिॲटल, तरंगत्या घराची खरी किंमत घरात कमी आणि ते बांधायच्या जागेत जास्त असते. सिॲटलच्या लेक युनियनवरची तरंगती घरं 'स्लीपलेस इन सिॲटल' या 1993 च्या सिनेमात दिसली. त्यांची सुरुवात ओंडक्यांच्या तराफ्यांवरच्या कामगारांच्या झोपड्यांपासून झाली होती. आज ती महागडी आहेत, कारण तिथे कायदेशीर जागा मोजक्याच आहेत. व्हिडिओतलं ते स्वस्त घर स्वस्त का मिळालं, याचं उत्तर पुष्कळदा इथे असतं. घर विकलं जातं, जागा मिळेलच असं नाही.

आपल्याकडे खाडी आणि बंदराच्या पाण्यात महाराष्ट्र मेरिटाईम बोर्ड येतं, किनाऱ्यालगत सीआरझेडचे नियम येतात, धरणाच्या पाण्यात जलसंपदा विभाग येतो. देशात अंतर्गत जलवाहतुकीच्या बोटींसाठी 2021 चा कायदा आहे. नोंदणी, तपासणी, सुरक्षा हे सगळं त्यात आलं. आमच्या सिंधुदुर्गात तारकर्लीला कर्ली नदीच्या पाण्यात एमटीडीसीने हाऊसबोटी चालवल्या, पण ते सरकारी महामंडळ. तुम्ही-आम्ही आपलं तरंगतं घर आणून बांधलं आणि राहायला लागलो, असं होत नाही.

गृहकर्ज जमीन आणि इमारतीच्या कागदांवर मिळतं. पाण्याला सातबारा नसतो, मग बँकेपुढे काय ठेवणार? म्हणून माझा नियम साधा आहे. लेखी परवानगी हातात येईपर्यंत एक रुपयाही ॲडव्हान्स द्यायचा नाही. "साहेब ओळखीचे आहेत, होऊन जाईल" ही परवानगी नव्हे.

परवानगीबरोबर पाणीही बघा. धरणाचं पाणी मे महिन्यात किती मागे जातं ते गावातल्या कुणालाही विचारा. घर चिखलात बसलं तर तळाची वाट लागते. खाडीत भरती-ओहोटी दिवसातून दोनदा. विनोनाला घरं उभ्या खांबांना कड्यांनी जोडलेली असतात, म्हणजे नदी चढली की घर खांबाला धरून वर सरकतं, उतरली की खाली येतं. कल्पना साधी आहे, पण खांबाची उंची तिथल्या सगळ्यात मोठ्या पुराच्या वर हवी. त्या खर्चात कपात नाही.

100 रुपये असतील तर कुठे घालाल?

माझी वाटणी अशी आहे:

- 35 रुपये: तळ, ड्रम, सांगाडा
- 10 रुपये: खांब, नांगर, किनाऱ्यावर यायचा हलता पूल
- 20 रुपये: वीज, गॅस, पाणी, सांडपाण्याची टाकी
- 15 रुपये: छप्पर, भिंती, खिडक्या
- 5 रुपये: आतली सजावट
- 15 रुपये: राखीव, हात न लावता

सजावटीला फक्त 5? हो. फर्निचर जुनं आणा, पडदे घरी शिवा, रंग स्वतः मारा. आतलं काम हळूहळू, राहता राहता करता येतं. तळाचं काम राहता राहता करता येत नाही.

वीज आणि गॅसला काटकसर लावू नका. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असतो. तो गळला तर होडीच्या तळाशी साचतो, तिथून बाहेर जायला वाट नसते आणि एक ठिणगी पुरते. सिलिंडर बाहेर, उघड्यावर ठेवा. विजेला 30 मिलिॲम्पिअरची आरसीसीबी बसवाच, ओल्या जागेत ती जीव वाचवते. नोव्हेंबर 2023 मध्ये श्रीनगरच्या दल सरोवरात आग लागली, हाऊसबोटी जळून गेल्या आणि तीन पर्यटकांचा जीव गेला. लाकडी घर, शेजारी दुसरं लाकडी घर, आणि बंब रस्त्यावर. चारही बाजूंनी पाणी असून आग विझत नाही, हे लक्षात ठेवा.

होमस्टेचा विचार करणाऱ्यांनी केरळमधलं तानूर विसरू नये. 7 मे 2023 ला तिथे पर्यटकांची बोट उलटून 22 जण गेले, त्यात लहान मुलंही होती. मासेमारीची बोट बदलून ती पर्यटकांसाठी केली होती आणि क्षमतेपेक्षा जास्त माणसं चढवली होती, असं समोर आलं. वरचा किलोंचा हिशोब मी तुम्हाला गणित शिकवायला दिलेला नाही. ज्या दिवशी तुम्ही पाहुण्याकडून पैसे घेता, त्या दिवशी त्याच्या जिवाची जबाबदारी तुमची. माझा हिशोब विकत घ्यायचं की नाही हे ठरवण्यापुरता आहे. राहण्याआधी बोटीचं डिझाईन समजणाऱ्या इंजिनिअरची सही हवीच.

दरवर्षीचा खर्च कोण लिहिणार?

आपल्याकडे कोळी बांधव पावसाळ्याआधी होड्या किनाऱ्यावर ओढून शाकारतात, डागडुजी करतात. त्यांना माहीत असतं, पाणी फुकट काही ठेवून घेत नाही. ॲमस्टरडॅमलाही लोखंडी तळाची बोट काही वर्षांनी पाण्याबाहेर काढून तपासावी लागते. काँक्रीटच्या तळाला ही कटकट नसते, म्हणून तिथे तोही वापरतात.

समजा, दर 5 वर्षांनी तुम्हाला 3 लाखांची मोठी दुरुस्ती येणार आहे. 60 महिने, म्हणजे महिन्याला 5000 रुपये बाजूला. हे भाडंच झालं ना? मग शेजारच्या गावात 5000 भाड्याने घर मिळत असेल, तर स्वतःला विचारा: मी पाण्यावर का जातोय? उत्तर "मला असं जगायचंय" असेल तर मान्य. "होमस्टेमधून वसूल होईल" असेल तर पावसाळ्याचे चार महिने वजा करून परत हिशोब मांडा. "स्वस्त पडेल म्हणून" असेल तर थांबा.

"ताई, एवढा हिशोब केला तर कोणी काही सुरूच करणार नाही!"

हे वाक्य मी प्रत्येक बॅचमध्ये ऐकते आणि त्यात तथ्यही आहे. विनोनातले लोक काही इंजिनिअर म्हणून जन्माला आले नव्हते. हातात आलेल्या साहित्यातून, शेजाऱ्याला विचारत त्यांनी घरं उभी केली. हिंमत लागतेच.

पण हिंमत आणि हिशोब यांच्यात भांडण लावायचं कारण नाही. वरचं सगळं करायला किती वेळ लागतो? 10 माणसं, एक खडू, एक टेप, एक स्क्रूड्रायव्हर आणि एक रविवार. परवानगीच्या चौकशीला दोन-चार हेलपाटे. एवढ्याने ज्याचा उत्साह संपतो, त्याचा पहिल्या पावसात संपलाच असता, फक्त तेव्हा बरोबर 8 लाखही गेले असते.

आणि हे फक्त तरंगत्या घरापुरतं नाही. पागडीवर जुनं दुकान घेताय? चालू हॉटेल घेताय? सेकंड हँड मशीन घेताय? प्रत्येकाचा एक भाग पाण्याखाली असतो: मागची उधारी, संपत आलेलं लायसन, झिजलेला बेअरिंग, मालकाचा आणि भाडेकरूचा जुना वाद. विकणारा तुम्हाला नेहमी वरचा रंग दाखवतो. वाकून खाली बघायचं काम घेणाऱ्याचं.

या आठवड्याचा गृहपाठ

तुम्ही जी जुनी वस्तू, जागा किंवा धंदा घ्यायचा विचार करताय, त्यासाठी वहीचं एक पान घ्या आणि मधोमध आडवी रेघ मारा. ती पाण्याची रेघ. वर दिसणारे खर्च लिहा, खाली न दिसणारे. खालची बाजू रिकामी राहिली तर समजा, अजून चौकशी पूर्ण झालेली नाही. खालची बेरीज वरच्यापेक्षा मोठी आली तरी घाबरू नका. तो आकडा तुम्हाला सौद्याच्या आधी कळला, आणि त्यावर भाव पाडून मागायचा हक्क तुमचा आहे.

पुढच्या भागात जुनी मशिनरी घेताना काय तपासायचं ते बघू. तोपर्यंत धंदा सांभाळा, घरच्यांना वेळ द्या. भेटूया!